बावीस नंबरचा लिव्हर

रेल्वेची ती सिग्नल केबिन केबिनवाल्याच्या सासऱ्यापेक्षा जुनी आणि सासऱ्याइतकीच हट्टी. एका रांगेत बत्तीस लिव्हर. पाचवा ओढल्याशिवाय नववा हलायचा नाही आणि नववा ओढला की बारावा जागच्या जागी अडकायचा. खालच्या लोखंडी पट्ट्या एकमेकींत अशा गुंतवलेल्या, की माणसाचं डोकं फिरलं तरी दोन गाड्या एका रुळावर येऊ नयेत. ज्याने हे बांधलं त्याचा माणसाच्या अकलेवर काडीचा विश्वास नव्हता, आणि त्याचं बरोबरच होतं.

बावीस नंबर मात्र निव्वळ ताकदीचं काम. त्याची तार किलोमीटरभर लांबच्या सिग्नलपर्यंत जायची. गेले चार महिने केबिनवाल्याचा उजवा खांदा संपावर होता. एकटा असला की तो चौकटीला पाय लावून, दातओठ खात, दोन्ही हातांनी ओढायचा. निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं. खांद्याचं कळलं तर ते वर्ष तिकीटखिडकीत बसून काढावं लागेल, म्हणून त्याने ते साहेबलोकांपासून लपवलं होतं. पंचवीस वर्षं तो या काचांमधून गाड्या पाहत आला होता.

तपासणीचे साहेब आले ते नेमके दुपारच्या गाडीच्या तोंडावर. सोबत तारवाला होता. रोज सकाळी तारेच्या कडेने चालत जाऊन, ती ज्यांवरून सरकते त्या प्रत्येक चाकाला तेल घालणारा, मोजकं बोलणारा माणूस.

"बावीस ओढा," साहेब म्हणाले.

आता साहेबांसमोर चौकटीला पाय कसा लावणार? केबिनवाल्याने तसाच झटका दिला. लिव्हर अर्ध्यावर आला आणि मागे गेला. दुसऱ्यांदाही तेच.

"तार जड झालीय साहेब," तारवाला घाईने म्हणाला. "दोन दिवस तेल घालायचं राहिलं. चूक माझी."

साहेबांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि पेनाचं टोपण काढलं. केबिनवाल्याला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, फारच हायसं वाटलं. मग त्याची नजर तारवाल्याच्या हातांवर गेली. ते कोपरापर्यंत तेलाने माखले होते.

"लिहू नका साहेब. तार लोण्यासारखी आहे. माझाच खांदा गेलाय. चार महिने झाले."

साहेबांनी स्वतः बावीस ओढला. एका दमात आला. सिग्नल पडला, गाडी धडधडत निघून गेली.

"उद्यापासून तिकीटखिडकीत बसा," साहेब हळू आवाजात म्हणाले. तारवाल्याला म्हणाले, "संध्याकाळपर्यंत तू यांच्या मदतीला थांब." आणि जिना उतरले.

तारवाला भडकला. "माझ्यावर फार तर ठपका आला असता, तो मी पचवला असता! तुमची तर केबिनच गेली. हा शहाणपणा सांगितला होता कुणी?"

"अरे, मी वर्षाने जाणारच होतो," केबिनवाला म्हणाला. "पण तू तेल घातलं नाहीस हे त्या रजिस्टरात कायमचं राहिलं असतं. ते मला लिहू देववेना."

पुढच्या स्टेशनकडून गाडी येत असल्याची घंटा केबिनमध्ये वाजली.

"चल, बावीस धर इकडून," तो म्हणाला. "तीनची गाडी आली."