लैलाबाईंची झाडं

सिराजनं पिंपाच्या काठाखाली दोन्ही हात घातले आणि जोर लावला. पिंप जागचं हललं नाही. पलीकडून झुलेखानं काठ धरला होता आणि पिंपातल्या लिंबाची पानं तिच्या गालाला घासत होती.

"उचलू नका. तिरकं करा आणि गोल फिरवत न्या," ती म्हणाली. "लैलाबाई तसंच करतात."

त्यानं पिंप तिरकं केलं. फरशीवर खरखरत ते एकेक वीत खोलीकडे सरकू लागलं. ओट्यावरच्या बादलीतलं पाणी त्या दिवशी सकाळी गोठलं होतं. सिराजला कुवेतला येऊन नऊ वर्षं झाली होती, पण असं त्यानं पाहिलं नव्हतं. चौसष्ट सालचा जानेवारी होता तो. वाकताना कोटाच्या आतल्या खिशातलं पत्र छातीशी दुमडत होतं. दुपारी बंदरावरच्या गोदामात, खोक्यांच्या थप्पीमागे उभं राहून त्यानं ते वाचलं होतं. पुढचे तीन तास त्यानं नेहमीसारखी मालाची टिपणं केली होती. मग बस न पकडता तो हवल्लीतल्या घरापर्यंत चालत आला होता. वाटेत त्यानं ठरवलं होतं, दारात पाय ठेवल्याबरोबर सांगायचं. दारात झुलेखा पिंपाला गोणपाट गुंडाळत बसली होती. तिनं मान वर न करता दोरीचं टोक त्याच्याकडे दिलं, आणि त्यानं ते धरलं.

त्या घराला एक अंगण आणि दोन बिऱ्हाडं होती. एका खोलीत हे दोघं, समोरच्या दोन खोल्यांत लैलाबाई. लैलाबाई मुलींच्या शाळेत शिकवत. त्या मूळच्या पॅलेस्टाइनमधल्या याफाच्या. वडलांची तिथं संत्र्यांची बाग होती. शाळकरी वयात घरदार, बाग, सगळं सोडून त्यांना निघावं लागलं होतं. आता म्हातारी आई नाब्लुसला असे आणि लैलाबाई इथं एकट्या. अंगणात त्यांनी तुपाच्या डब्यांत आणि अर्ध्या कापलेल्या तेलाच्या पिंपांत झाडं लावली होती: एक लिंबू, दोन संत्री, एक अंजीर, एक जैतून. काही फांद्या त्यांनी आईकडून ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या होत्या.

आई आजारी असल्याची तार आली तेव्हा जाण्याआधी दोन दिवस त्या झुलेखाला झाडं शिकवत होत्या. सिराज मधे बसून अरबीचं मराठी करत होता. थंडीत पाणी कमी द्यायचं, बोट मातीत पेरभर खुपसून बघायचं आणि कोरडं लागलं तरच घालायचं. पाणी गोडच हवं, विहिरीचं खारं लिंबाला चालत नाही. जैतून थंडी सोसतं, त्याची काळजी नको. अंजिराची पानं गळतील, ते मेलं असं समजू नकोस. पण संत्री आणि लिंबू सांभाळ. जमिनीतल्या झाडाची मुळं खोल जाऊन ऊब शोधतात, डब्यातल्या झाडाला चारी बाजूंनी गारठा लागतो, जायला जागाच नसते. हे शेवटचं सांगताना लैलाबाईंनी दोन्ही हातांनी डबा कवटाळून दाखवला होता. ते भाषांतर न करताच झुलेखाला कळलं.

ती दीड वर्षापूर्वी बाणकोटहून आली होती. त्यांची मुलगी असमा तेव्हा चार वर्षांची होती. एका खोलीत लहान पोर, पहिला उन्हाळा, परका मुलूख. असमाला आजीपाशी ठेवू, एका वर्षात मोठी जागा घेऊ आणि आणू, असं सिराजनं ठरवलं होतं. झुलेखानं एकदाच विचारलं होतं, तिला बरोबर घेतली तर नाही का चालणार. नंतर तिनं तो विषय काढला नाही. वर्ष उलटलं, जागा झाली नाही.

तीनही झाडं खोलीत आली तेव्हा चालायला वाट उरली नाही. खाट भिंतीशी उभी करून त्यांनी खाली गाद्या घातल्या. झुलेखा रॉकेलच्या शेगडीपाशी हात शेकत बसली.

"पत्र आलं का आज?" तिनं विचारलं.

तिला वाचता येत नव्हतं. बाणकोटला सिराजची आई सांगे आणि मजीद मास्तर लिहून देत. सिराजनं पत्र काढलं. मास्तरांचं वळणदार अक्षर होतं. असमा बुधवारी गेली. घसा धरला होता, श्वास घेता येईना. खाडी ओलांडून दवाखान्यात नेईस्तोवर उशीर झाला. सुनेला सांभाळून सांग.

त्यानं झुलेखाकडे पाहिलं. तिचे हात मातीनं काळे झाले होते आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

"सगळे खुशाल आहेत," तो वाचू लागला. "असमाचा पुढचा दात पडला."

पडलेला दात असमानं कौलांवर फेकला, तो घरंगळून परत अंगणात आला, मग तिनं दुसऱ्यांदा फेकला, असं त्यानं वाचलं. झुलेखा हसली नाही. तिनं ओढणीनं संत्र्याच्या पानावरची धूळ पुसली आणि विचारलं, "अजून काय लिहिलंय?"

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी पत्र येत गेलं. म्हातारी तिकडे रडत होती आणि मास्तर ते रडणं जसंच्या तसं लिहीत होते. आज सांगू, थंडी ओसरली की सांगू, लैलाबाई आल्या की त्यांच्यासमोर सांगू, असं करत सिराज वाचत राहिला. असमा मदरशात जाऊ लागली. असमानं शेजारच्या बकरीचं करडू घरात आणून लपवलं. असमा आजीच्या पाठीवर पाय देते, तेव्हाच म्हातारीची कंबर मोकळी होते. गोदामात टिपणं करता करता त्याला पुढचं सुचे. कधी सुचलेलं इतकं खरं वाटे की तो क्षणभर आनंदात असे, आणि मग हातातली पेन्सिल थांबे.

झुलेखा झाडांपाशी असे. दुपारी ऊन पडलं की एकटीच पिंपं फिरवत अंगणात काढायची, असरच्या नमाजाआधी पुन्हा आत घ्यायची. नमाजानंतर ती पूर्वीपेक्षा जास्त वेळ जानमाजवर बसू लागली होती. सिराजला वाटे, दमते बिचारी.

मार्चच्या सुरुवातीला लैलाबाई परतल्या. त्यांच्या अंगावर काळे कपडे होते. आईला माती देऊनच त्या आल्या होत्या. अंगणात पाऊल टाकताच त्या थांबल्या. लिंबाला कळ्या आल्या होत्या. अंजिराच्या काड्यांना टोकाशी हिरवे कोंब फुटले होते. एका संत्र्याची एक फांदी मात्र जळाली होती आणि झुलेखा तीच दाखवून पुन्हा पुन्हा माफी मागत होती. लैलाबाईंनी तिला जवळ घेतलं आणि अरबीत काहीतरी बोलत त्या तिच्या खांद्यावर खूप वेळ रडल्या. झुलेखा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

मग लैलाबाईंनी पिशवीतून एक छोटा झगा काढला. गळ्याशी लाल दोऱ्यानं भरलेला. आजारपणात अंथरुणावर बसून आईनं भरला होता, लेकीच्या इथल्या शेजारणीच्या मुलीसाठी. मापाची अटकळच केली, मुलगी केवढी आहे, असं त्यांनी विचारलं. सिराजनं या प्रश्नाचं मराठी केलं नाही. झुलेखाला प्रश्न कळला असावा. तिनं कमरेच्या जरा खाली आडवा हात धरला.

त्या शुक्रवारी दुपारी सिराजच्या हातात नवीन पत्र होतं. झुलेखा दारात बसून झगा मांडीवर पसरून पाहत होती. तो वाचत होता की असमा विचारते, आईकडे बोटीनं जायला किती दिवस लागतात.

"बसला असता तिला," झुलेखा म्हणाली.

सिराज थांबला. तिनं बाहीची शिवण दोन बोटांत धरून पुन्हा सरळ केली.

"कधी कळलं तुला?" त्यानं विचारलं.

"पहिल्याच पत्राला. तुमच्या आईनं असमाबद्दल एका ओळीपेक्षा जास्त कधी लिहिलं होतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही वाचायचे थांबला असता."

अंगणात लैलाबाई जळालेली फांदी कात्रीनं कापत होत्या. झुलेखानं झग्याची घडी घातली आणि ती भिंतीला टेकून बसली.

"वाचा पुढचं," ती म्हणाली.

मजकूर संपला होता. सिराजनं कागद उलटला. मागची बाजू कोरी होती. त्यानं ती डोळ्यांसमोर धरली आणि वाचायला सुरुवात केली.