सील नसलेली कॅन

खाप्यातलं आमचं पाक्षिक वर्गणीदारांच्या मालकीचं आहे. म्हणजे मालक तीनशे आणि पगारी माणूस एक: नागपूरहून आणलेली संपादक भैरवी. तिचा पगार पाणीवाल्या चंपतरावांच्या जाहिरातीतून निघे. कचेरी फुकट, कारण ती अध्यक्ष बाबारावांच्या हॉटेलाच्या माडीवर.

आमची एक रीत आहे. अंक छापायला जाण्याआधी शुक्रवारी सगळा मजकूर मोठ्याने वाचायचा, आणि ज्याच्याविरुद्ध बातमी असेल त्याला समोर बसवायचं. त्या शुक्रवारी माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. चंपतरावांच्या कारखान्याचं कॅनचं पाणी प्रयोगशाळेत नापास झालं होतं. बातमी मरते की भैरवीची नोकरी जाते, एवढंच सगळ्यांना पाहायचं होतं.

चंपतरावांनी शेवटपर्यंत ऐकलं. "कॅन कुठून उचलली, मॅडम?"

"खालून. हॉटेलातून."

"सील होतं काय तिले?"

भैरवीने हातातला कागद खाली केला. "नाही पाहिलं."

"काहून नाही पाहिलं वं?" चंपतराव हसले. "संपादकी करून राहिली की गंमत?"

"छापून टाका ना," बाबाराव घाईने म्हणाले. "लॅबनं लिहून दिलं आहे."

"नाही छापत. चूक माझी. सीलबंद कॅन विकत घेऊन परत तपासते. जे निघेल ते छापीन."

चंपतरावांचं हसू अर्ध्यावरच राहिलं.

पुढच्या वाचनाला उलगडा झाला. सीलबंद पाणी पास. हॉटेलवाले मात्र रिकाम्या कॅन मागच्या विहिरीवर भरत होते. आमच्या हातातले हॉटेलच्या चहाचे कप सावकाश खाली गेले.

"बाबाराव, तुमचं म्हणणं?" भैरवीने पेन उघडलं.

"माह्याच माडीवर बसून मलेच विचारते?"

"हो. तेही लिहिते."

बाबारावांनी उठून पंखा बंद केला. "लिही. विहीर चांगली आहे असं मले वाटलं. अन् सोमवारी माडी खाली करा."

तिने दोन्ही वाक्यं उतरवून घेतली.

चंपतराव लगेच सरसावले. "माह्या गोदामावर खोली रिकामी आहे. फुकट घ्या."

"भाडं घेणार असाल तर येऊ," भैरवी म्हणाली. "तुमचं पाणी आम्ही यापुढेही तपासणार आहोत."

भाड्याचं नाव निघताच आम्ही सगळे मालक जमिनीकडे बघू लागलो. जिना उतरायची वाट कुठून मोकळी आहे, तेही काहींनी पाहून घेतलं. शेवटी शाळेतल्या प्रेमलताबाईच वैतागल्या.

"अशे मुके काहून बसले गा? वर्गणी किती वाढवता, ते बोला."