माझ्या पोटातलं पांढरं

मित्रांनो, न्हाणीघराच्या खिडकीत उभी असलेली मी एक जुनी बाटली आहे. माझ्या अंगाला चीर गेली आहे, झाकण धड बसत नाही आणि पोटात काही नाही. तरी मला कुणी टाकत नाही. त्याचं कारण मात्र आनंदाचं नाही.

कारखान्यात एकाच साच्यातून माझ्यासारख्या शेकडो जणी निघाल्या. दुकानात मला उचललं ते एका कुरळ्या केसांच्या बाईनं. तिनं माझ्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचली आणि लेकीला म्हणाली, "भिंगरे, यात फेस काढणारं सल्फेट नाही, थर चढवणारं सिलिकॉन नाही. आपल्या केसांना असलंच मानवतं."

दर रविवारी मायलेकी स्टूल ओढून बसत. आई माझ्यातलं केस धुण्याचं पांढरं क्रीम भिंगरीच्या ओल्या केसांना लावी, मुठीत हळूच दाबी, आणि एकेक बट वळून वर उडी मारी.

"फेस फार झाला की केसांचं तेल गेलंच समज," आई सांगे. "कुरळ्या केसाच्या टोकापर्यंत तेल मुळातच कमी पोचतं. तेही धुतलं, तर तो चिडतो."

"चिडून काय करतो?"

"तुझ्यासारखा फिस्कारतो!"

किती हसायच्या दोघी! मग आई आजारी पडली, आणि गेली. मी तेव्हा अर्धी भरलेली होते.

भिंगरीनं मला छातीशी धरून बाबांना बजावलं, "आईचं हे संपू द्यायचं नाही हं."

बाबा रंगारी होते. भिंतीवरचा जुना रंग बघून तसाच नवा कालवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी रिकामी होत आले तेव्हा त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वस्तातला पांढरा शाम्पू आणि केस चमकवायचं क्रीम आणलं. फरशीवर माझा उरलेला थेंब टाकला, शेजारी नवं मिश्रण ठेवलं, आणि छटा जुळेपर्यंत कालवून ते माझ्यात भरलं. इतकं हुबेहूब जुळलं की क्षणभर मीच फसले. पण दिसतं तसं नसतं.

"बाबा, आता फेस कसा येतो? आणि वास वेगळा का?"

"जुनं झालं की होतं असं गं."

त्या फेसानं भिंगरीच्या केसांतलं होतं नव्हतं ते तेल नेलं. केस राठ झाले. वरून चमकीच्या क्रीममधल्या सिलिकॉनचा थर चढत गेला. त्याच्या ओझ्यानं बटा खाली लोंबू लागल्या. भिंगरी आरशासमोर एकेक बट ओढून सोडे. ती परत वळतच नसे. मला सगळं कळत होतं, पण बाटलीला तोंड असून बोलता येत नाही.

एकदा तिनं विचारलं, "आईचंच लावते, तरी केस आईसारखे होत नाहीत. आई माझ्यावर रुसली का हो बाबा?"

बाबा फणी घेऊन तिचे केस विंचरू लागले.

पुढे मावशी राहायला आली. तिचेही केस बहिणीसारखेच कुरळे. तिनं माझ्यातलं थोडं ओल्या तळहातावर घेऊन चोळलं. फेस आला.

"भाऊजी, हे ताईचं नाही."

बाबा स्टुलावर खाली बसले. "रंग जुळला होता हो. मला वाटलं, पांढरं ते पांढरं."

दारात भिंगरी उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "आईचं कधी संपलं?"

"तुझी शाळा सुरू झाली, तेव्हाच."

"मला सांगायचं ना, बाबा. शेवटचं मी जपून लावलं असतं."

बाबांनी रंगानं माखलेल्या हातांनी तोंड झाकून घेतलं.

मावशीनं मला धुऊन रिकामं केलं आणि अक्षरं वाचून नवी बाटली आणली. थर हळूहळू उतरला. भिंगरीच्या बटा आता पुन्हा वळतात, अगदी आईसारख्या. पण रविवारी ती माझं झाकण काढून वास घेते. तिला बाबांच्या शाम्पूचाच वास येतो. मग ती मला जागेवर ठेवते.

मित्रांनो, बाटली घेताना तिच्या पाठीवरची अक्षरं वाचत जा, नुसत्या रंगावर जाऊ नका. आणि मोठ्यांना माझं एक सांगणं आहे. घरातलं काही संपत आलं असेल, तर लहानांना आधी सांगा. शेवटचा थेंब त्यांच्याही हातावर पडू द्या.