माक्याच्या तेलाची जळकी कढई

मी एक जुनी लोखंडी कढई आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव जळका आहे. सगळा जन्म चुलीवर गेला, तर दुसरं काय होणार? समईला रोज फूल वाहतात. तांब्याला चिंच लावून लखलखीत करतात. ते बघून माझ्या पोटात दुखतं. मला काय मिळतं? मूठभर राख आणि काथ्या.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी आकाराम लोहारानं मला घडवलं. घण घालताना त्यानं माझं बूड जाड ठेवलं. शाहूपुरीतल्या झुंबरबाईंच्या हातात मला देताना तो म्हणाला, "काकी, बघा, ही कढई तुमच्या नातसुना वापरतील." माझ्या वाट्याला आलेलं पहिलं कौतुक ते! तेच शेवटचंही ठरेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

झुंबरबाईंनी मला भाजीला कधी लावलं नाही. माझ्यात फक्त केसांचं तेल व्हायचं. खोबरेल तेल, जास्वंदीची फुलं, कढीपत्ता आणि चार मेथ्या. परसातल्या चुलीवर मंद जाळावर मी तासन्‌तास बसायची. तेल कढवायची थोरली सून लीला. डोळ्यांत धूर जायचा, पदरानं नाक पुसायची, पण जाळ कधी मोठा करायची नाही. तेल गार झालं की बाटल्यांत भरायचं, आणि मग घरादाराचं कौतुक सुरू. "फणी काय सुरेख चालतीया बघ!" म्हणे फणी! ती बया काय करते हो? वरून खाली जाते आणि पुन्हा वर येते. जळायचं मी, आणि मिरवायचं तिनं. ती लाकडी फणी फणीवाल्या गैबीचाचांनी कोरलेली होती, तिच्या पाठीवर वेलबुट्टी होती. माझ्या पाठीवर काजळी. असो.

माझ्याइतकंच जळणारं त्या घरात आणखी एक माणूस होतं, आणि ते म्हणजे लीला.

तिच्या धाकट्या दिराचं लग्न झालं आणि चिकोडीकडची श्यामला जाऊ म्हणून घरात आली. बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. पण केस! पाटावर बसली की केस जमिनीवर लोळायचे. न्हायल्यावर ती परसात केस वाळवायला बसली की शेजारच्या बाया काहीतरी मागायचं निमित्त काढून येत, आणि बघून जात. लीलाचे केस मात्र दुसऱ्या बाळंतपणानंतर मूठमूठ गळाले होते. अंबाडा सुपारीएवढा. ती श्यामलाकडे बघायची आणि चुलीत लाकूड असं सारायची की ठिणग्या उडायच्या. मला तिची तडफड कळत होती. आम्ही दोघी एकाच जाळावर बसलो होतो.

त्यात नवरात्र आलं. त्या घरात एक सोन्याचं अग्रफूल होतं, अंबाड्यात खोवायचं. झुंबरबाईंना ते त्यांच्या सासूनं दिलेलं. पंचमीला टेकडीवरच्या टेंबलाई देवीला जाताना घरच्या थोरल्या सुनेनं ते घालायचं, अशी रीत. लीलानं घातलं. आणि टेकडी चढताना, ऐन गर्दीत, ते निसटून पडलं! नशीब, मागून येणाऱ्या श्यामलाच्या पायाशीच पडलं. झुंबरबाईंनी तिथंच, चार बायांदेखत, ते उचलून श्यामलाच्या अंबाड्यात खोवलं. ते जे बसलं ते घरी येईपर्यंत हललं नाही.

घरी आल्यावर झुंबरबाई परसात पाय धुता धुता म्हणाल्या, "लीला, राग मानू नगंस. सोनं हाय ते, रस्त्यावर पाडायचं न्हाय. पुढच्या पंचमीला जिच्या डोक्यावर बसंल, तिचं ते फूल. कायमचं."

रात्रीची भांडी लीलानं इतकी आपटली की मलाही एक पोचा आला.

त्या दिवसापासून तिला एकच ध्यास लागला, केस वाढले पाहिजेत. फुलाची हाव नव्हती हो तिला. चार बायांदेखत थोरलेपण गेलं होतं, ते तिला परत हवं होतं. श्यामला माहेरी नेमकं काय लावत होती, हे तिला कळायला हवं होतं. पण विचारायचं कसं? नाक खाली करावं लागलं असतं! बरेच दिवस गेले. शेवटी एकदा शेंगा सोलता सोलता, जणू सहज, तिनं विचारलं, "तुमच्याकडं तेलात काय घालत्यात गं?"

श्यामला फुलून आली. जाऊबाई आपण होऊन बोलली, हेच तिला केवढं! "अक्का, आमच्याकडं गरगद सोप्पू घालत्यात. मराठीत काय म्हणत्यात ते... कालच तानाबाईनं सांगितलं बघा." तानाबाई म्हणजे धुणं धुणारी. श्यामलानं कपाळाला आठ्या घालून आठवलं आणि म्हणाली, "हां! मका! मका घालायचा की तेलात, लै."

लीलानं मान हलवली, आणि दुपारी झुंबरबाईंचा डोळा लागल्यावर ती गुपचूप परसात आली. मला चुलीवर चढवलं. तेल ओतलं. आणि मित्रांनो, तिनं माझ्यात काय टाकलं? शेरभर वाळक्या मक्याचे दाणे! मी हबकलेच. अगं बाई, हे काय करतेस, म्हणून ओरडावंसं वाटलं, पण कढईला कुठं तोंड असतं? त्यातून घाई, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तिनं जाळ मोठा केला.

आधी एक दाणा फुटला. फट्! मग दुसरा. आणि मग जी काही आतषबाजी झाली म्हणता! लाह्या उडाल्या न्हाणीत, तुळशीत, वाळत घातलेल्या धोतरांवर. लीला पदर डोक्यावर घेऊन इकडून तिकडे पळत होती. झुंबरबाई दचकून उठल्या आणि दारात आल्या. एक लाही त्यांच्या पायाशी येऊन पडली. त्यांनी उचलली, फुंकली, तोंडात टाकली.

"मीठ न्हाय की गं हिला," त्या म्हणाल्या.

श्यामला धावत आली आणि हसायला लागली. झालं! लीलाचा इतक्या दिवसांचा कोंडलेला राग बाहेर पडला. "हस! हस की! मुद्दाम सांगितलंस मला! माझे केस वाढू नयेत म्हणून फसवलंस! फूल घेतलंस, आता घर बी घे!"

श्यामलाचं हसू तोंडातच विरलं. "फसवलं न्हाय हो अक्का! मका म्हंजे... हे न्हवं, खायचं न्हवं. पानं असत्यात. पांढरं बारकं फूल येतंय. हाताला चोळलं की काळं हुतंय बघा..."

"अगं, माका!" झुंबरबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "मका न्हवं, मा-का! एका कान्यापायी माझं तेल गेलं की!"

पण लीलाचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामलानं तिचा हात धरला आणि ओढतच रंकाळा तळ्याच्या काठाला नेलं. परत आल्या तेव्हा दोघींचे पदर हिरव्यागार माक्यानं भरले होते. लीलाचा तळहात काळा पडला होता आणि ती तो पुन्हा पुन्हा उलटसुलट करून बघत होती. पानांचा रस काढून माझ्यात ओतला. मंद जाळ. आधी खूप तडतडलं, मग फेस आला, मग तडतड थांबली, तेव्हा समजायचं की पाणी आटलं आणि तेल झालं. तेलाला असा काळसर हिरवा रंग आला की काय सांगू! तो निम्मा माक्याचा आणि निम्मा माझ्या लोखंडाचा. पण हे कुणी म्हणालं का? नाही. श्यामला म्हणाली, "माका लै गुणाचा."

लीला नेहमीप्रमाणे बाटल्या भरायला बसली. ही आत्याबाईंची, म्हणजे सासूची, ही मालकांची, ही मुलांची, ही श्यामलाची. श्यामला बघत होती. मग एकदम म्हणाली, "अक्का, तुमची कुठली?"

"माझी? राहिलेलं लावतो की मी. कढईत असतंय थोडं."

मित्रांनो, मला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. सगळ्यांना देऊन झाल्यावर ती माझ्या बुडाला बोट फिरवायची आणि तेवढंच डोक्याला पुसायची. श्यामलानं तिला पाटावर बसवलं, केसांत बोटं घातली आणि थबकली. डोक्याची कातडी भुईसारखी भेगाळलेली. "अक्का, हे काय? तेल करून करून तुमचं डोकं असं कोरडं? आणि दूध कुठं पिता तुम्ही? ते बी पोरांना देताय. केस काय हवेवर वाढत्यात व्हय?"

लीला रडायला लागली. किती वर्षांत तिच्या डोक्यावर कुणाचा हात फिरला नव्हता. मला तिचा एवढा हेवा वाटला! माझ्यावरून हात फिरतो तो राख घेऊन.

त्यानंतर शनिवार चुकला नाही. श्यामला तिच्या डोक्याला कोमट तेल जिरवायची, रविवारी शिकेकाईनं न्हायला लावायची, वाटीभर दूध समोर बसून प्यायला लावायची. पण केस काही तणासारखे वाढत नाहीत. महिन्यांमागून महिने गेले तेव्हा कुठे गळती थांबली, कपाळावर बारीक लव दिसू लागली. पंचमी तोंडावर आली तेव्हा सुपारीचं लिंबू झालं होतं. अग्रफुलाला एवढं पुरणार नव्हतं. लीलानं आरशात बघितलं आणि आरसा पालथा ठेवला.

पंचमीच्या सकाळी श्यामला परसात आली, हातात एक कापडी पिशवी. आत तिचंच गुंतवळ होतं, फणीला येणारे गळालेले केस. लहानपणापासून तिच्या आईनं एकही केस फेकू दिला नव्हता. त्याचं तिनं गंगावन वळलं होतं. जाडजूड, काळंभोर. लीलाच्या केसांत ते तिनं असं गुंफलं की अंबाडा पेरूएवढा झाला. आणि वर अग्रफूल. हललं नाही! (मी जळून कोळसा. कारण पुन्हा श्रेय कुणाला? फणीला!)

झुंबरबाई बाहेर आल्या. बघितलं, जवळ येऊन अंबाडा हातानं चाचपला. "एका वर्षात एवढं? लीला, खरं सांग."

श्यामला मागून खुणा करत होती, गप्प बसा म्हणून. लीलाला गप्प बसता आलं असतं. थोरलेपण, मान, फूल, सगळं डोक्यावर आलं होतं.

"निम्म्याहून जास्त श्यामलीचे हायत, आत्याबाई," लीला म्हणाली. "त्यात माझं काय न्हाय. फूल तिला द्या." आणि ती फूल काढायला लागली.

झुंबरबाईंनी तिचा हात धरला. बराच वेळ धरून ठेवला. "राहू दे. केस घरचेच हायत की. ते बसलंय न्हवं? मग बसू दे. माझीच नजर कुठं हुती इतकी वर्षं, कुणास ठाऊक." मग त्यांनी बाटलीतलं तेल तळहातावर घेतलं आणि दोघी सुनांच्या भांगावर बोटानं टेकवलं. आधी लीलाच्या.

तिघी टेंबलाईला निघून गेल्या. माझ्याकडे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

पुढं दुकानात रंगीत चित्रांच्या, वासाच्या तेलाच्या बाटल्या आल्या. घरी तेल कढवणं हळूहळू बंद पडलं, आणि मी परसात पालथी पडले. तेव्हा मित्रांनो, एका जळक्या कढईचं एवढं ऐका. तुमच्या घरी जी बाई तेल कढवते, तिच्या डोक्याला आधी तेल लावा. बाटल्या मागून भरा. ती मागणार नाही. ती म्हणेल, राहिलेलं लावतो की मी. तिचं अजिबात ऐकू नका.

आणि हात तेलाचा झालाच आहे, तर एक बोट माझ्याही बुडावरून फिरवून जा. गंज चढतोय.