उवांची थाप

शर्मिष्ठाच्या डोक्याला भार्गवने मलमलीचा रुमाल गुंडाळला आणि कानामागे हलकी गाठ मारली. पंडरीच्या कापडबाजारात त्याची अर्धी हयात गेली होती. कोणतं कापड कुठे टोचेल, हे त्याला नुसत्या बोटांनी कळे. हे टोचणारं नव्हतं.

"पोरीनं विचारलं तर?" शर्मिष्ठा म्हणाली.

"उवा झाल्या म्हणून सांगू. दवाखान्याच्या गादीतून आल्या."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली, म्हणून भार्गवलाही आपली थाप पटल्यासारखी वाटली.

गंधाली खाली दवाखान्याच्या बाकावर मोबाइल घेऊन बसली होती. नऊ वर्षांची पोर, शाळेतल्या हिंदीतच बोलणारी. आईचं दुखणं सुरू झालं तेव्हापासून मोबाइल बहुतेक तिच्याच हातात असे. डॉक्टरांशी बोलायचं असलं, घरी शर्मिष्ठाला उलट्या होत असल्या, की भार्गव तो तिच्यापुढे करी आणि म्हणे, "जा, कार्टून पाह्य." पोर गुंतून जाई, काही विचारत नसे. ब्राह्मणपाऱ्यातल्या शेजारणी तिच्या शहाणपणाचं कौतुक करत. आईच्या आतड्याला सूज आहे, उतरायला वेळ लागेल, एवढंच तिला सांगितलेलं होतं.

ती वर आली आणि रुमालाकडे पाहत दारातच थांबली.

"उवा झाल्या मले," शर्मिष्ठा घाईने म्हणाली. "जवळ नको येऊ, तुले लागतीन."

गंधालीने नाक दाबलं. "छी मम्मी! नहाती नहीं हो क्या?" असं म्हणत ती पलंगावर चढली आणि थेट आईच्या कुशीत शिरली. शर्मिष्ठाला हसता हसता खोकला आला. भार्गव खिडकीकडे वळला. एवढं एक तरी आपण राखलं, असं त्याच्या मनात आलं.

तो औषधं आणायला खाली गेला. परतताना जिन्याच्या वळणावर त्याला गंधाली दिसली, पाठमोरी. तिच्यासमोर डॉक्टरीणबाई उभ्या होत्या.

"लिव्हर तक गया है क्या?" गंधाली हळू आवाजात विचारत होती. "दूसरा वाला कीमो भी काम नहीं किया ना?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोक्यावरून भार्गवकडे पाहिलं. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि वर निघून गेल्या.

भार्गव पायरीवरच बसला.

"तुले कोणं सांगतलं?"

"दवाई पे नाम लिखा रहता है ना पापा. मोबाइल में डालो तो सब बता देता है." ती त्याच्याशेजारी बसली. "वीडियो भी हैं. पहले क्या होता है, फिर क्या होता है. आखिर तक."

"आखिरपर्यंत पाह्यलं तू?"

"हव."

"कधी?"

"होली के पहले. उसमें लिखा था, कीमो में रंग से इन्फेक्शन होता है."

होळीला तिने आईला रंग लावला नव्हता. आईनेच बोलावलं तरी लांब उभी राहिली होती. म्हणाली होती, शाळेतल्या मॅडमने मना केलं आहे. त्यावरून भार्गव तिच्यावर रागावलाही होता.

"मले काहून नाही विचारलं, बेटा?"

"आप रोने लगते."  ती जिन्याच्या वरच्या बाजूला एकदा पाहून म्हणाली, "मम्मी को मत बताना कि मुझे पता है. उसको अच्छा लगता है कि मुझे नहीं पता."

 भार्गवने तिला जवळ ओढलं. खारीएवढा जीव. तिने पाय आपटावेत, आई पाहिजे म्हणून भोकाड पसरावं, आपल्याला दोन बुक्क्या माराव्यात, असं त्याला फार वाटलं.

"रड ना बेटा," तो म्हणाला. "मी आहो ना."

ती रडली नाही. तिने त्याचं डोकं आपल्या चिमुकल्या खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटू लागली. वरून कुणीतरी स्ट्रेचर घेऊन उतरत होतं.

"पापा, थोड़ा साइड," ती म्हणाली, आणि थोपटतच राहिली.