मेखेपाशी कोण?

मित्रांनो, घाटनांदूरला मोहनरावांच्या परसात कुणी नवं माणूस आलं की त्याची मान आपोआप वर जाते. कडुलिंबाच्याही वर गेलेला तो लोखंडी मनोरा आणि त्याच्या टोकावर माशाच्या काट्यासारखा दिसणारा अँटेना बघत बघत ते माणूस मागं सरकत शेजारच्या अंगणात येतं आणि अडखळतं. "इथं काय हाय बे?" असं म्हणून मग ते खाली बघतं. तिथं मी असते. गवतातून जेमतेम डोकं वर काढून बसलेली मी एक जुनी लोखंडी मेख आहे.

एखाद्या गोष्टीत काही अडचण लपलेली असली की लोक म्हणतात, "यातली मेख वेगळीच आहे." माझ्या जातीचं नाव असं अडचणीला दिलेलं ऐकलं की मला थोडं वाईट वाटतं. आम्ही कुणाला अडवायला जन्मलो नाही, धरून ठेवायला जन्मलो.

माझा जन्म इथला नाही, नांदूरघाट नावाच्या दुसऱ्याच गावच्या रस्त्याकडेला झाला. बाभळीखाली घिसाड्यांचं, म्हणजे फिरत्या लोहारांचं, बिऱ्हाड उतरलं होतं. एका मोडक्या बैलगाडीचा लोखंडी आख भट्टीत लाल झाला. त्यांच्यातल्या बायडाबाईच्या नवऱ्यानं मला सांडशीत धरलं आणि बायडाबाईनं घण उचलला. तिचा घाव कधी चुकत नसे. तिनं मला टोक दिलं, वरच्या अंगाला वाकवून गोल डोळा दिला आणि पाण्यात बुडवलं. त्या पाण्याचा चर्र आवाज मला अजून आठवतो.

मला धुळाजींनी घेतलं. धुळाजी मेंढरांमागं फिरणारे. पिकं निघाली की त्यांचा कळप गोदावरीच्या अंगाला उतरायचा आणि पावसाच्या आधी परत वर यायचा. सामान वाहणारी त्यांची घोडी माझ्या डोळ्याला बांधत. रोज नवं शिवार, रोज नवी माती. कुठं लोण्यासारखी काळी जमीन, कुठं दात आंबवणारा मुरूम. धुळाजींची बायको कडूबाई तेव्हा तरणीताठी होती. दगड उचलून ती मला जमिनीत ठोकायची, तेव्हा तिच्या बांगड्या आधी वाजत आणि दगड नंतर. तिची लेक सुकन्या रांगायला लागली, तेव्हा पोर चुलीकडं जाऊ नये म्हणून कडूबाई जुन्या लुगड्याची पट्टी तिच्या कमरेला बांधायची आणि दुसरं टोक मला. पोर माझ्याभोवती गोल गोल रांगायचं, पट्टी गुंडाळली जायची आणि शेवटी ते माझ्याच डोक्यावर हात ठेवून उभं राहायचं. ती पहिल्यांदा उभी राहिली ती मला धरून. आई तिथंच भाकरी थापत होती, पण तिची पाठ होती. ते फक्त मी पाहिलं.

पुढं चारणीची रानं कमी झाली. मेंढरं गेली, घोडी म्हातारी होऊन गेली. धुळाजी घाटनांदूरच्या कडेला मोहनरावांच्या शेजारी घर बांधून राहिले आणि एक दिवस तेही गेले. कडूबाई, तिचा मुलगा बजरंग आणि भुरी नावाची म्हैस एवढं घर उरलं. सुकन्या लग्न होऊन गोदावरीच्या अंगाला, उमापूरला गेली. जाताना आईनं तिला भुरीची वगार, म्हणजे तिची पारडी, दिली. मी अंगणात रुतून बसले आणि भुरीचं दावं धरून राहिले.

शेजारचे मोहनराव सरकारी बिनतारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना आणि त्यांची लेक शिवकन्या हिला हौशी रेडिओचा नाद. दोघांनी परीक्षा दिली, परवाना काढला आणि घरी यंत्र आणलं. गावाला हसू आलं. सगळ्यांच्या खिशात मोबाइल असताना ह्या बापलेकींना हवेत बोलायचं कशापायी सुचलं, असं पारावर लोक विचारत. मोहनराव हसून सोडून देत.

मग मनोरा उभा करायचं ठरलं. मोहनरावांना तो स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून हवा होता, म्हणजे तार कमी लागली असती. शिवकन्या रस्त्याच्या बाजूला बोट दाखवत राहिली. तिथून विजेच्या तारा जात होत्या. मनोरा उद्या आडवा झालाच, तर त्याचं टोकसुद्धा त्या तारांपर्यंत पोचता कामा नये, हे तिचं म्हणणं. जागा मागं सरकली. मनोऱ्याला तीन बाजूंनी ताण द्यायचे होते. ताण म्हणजे त्याला उभं धरणाऱ्या पोलादी तारा. दोन ताणांच्या जागा मोहनरावांच्या परसात बसल्या. तिसरी आली ती नेमकी कडूबाईच्या अंगणात, भुरीच्या शेणात, माझ्यावर.

मोहनराव म्हणाले, तिसरा ताण कडुलिंबाला बांधू. शिवकन्येनं मान हलवली. "अण्णा, झाड वाऱ्यात डुलतं. त्याच्याबरोबर मनोरा पण डुलंल."

म्हणून बापलेक कडूबाईकडं आले. कडूबाईनं आधी भुरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"जागा घ्या, न्हाई कोन म्हनतंय? पन ही मेख ह्यांनी आनलेली हाय. उपटून फेकायची न्हाई. लावायची तर हीच लावा."

शिवकन्येनं मला बाहेर काढलं, धुतलं, हातोडीनं वाजवून पाहिलं. मग माझ्या पायाला लोखंडाचा आडवा तुकडा जोडून घेतला, छातीइतका खोल खड्डा खणवला, मनोऱ्याच्या उलट बाजूला थोडं कलतं उभं करून माझ्याभोवती काँक्रीट ओतलं. डोळा तेवढा वर राहिला. काँक्रीट वरून सुकलं तरी ती भार देईना. कडूबाईला वाटे, ढेकूळ घट्ट झालंय, आता कशाची वाट बघती ही पोरगी. पण शिवकन्या रोज पाणी मारत राहिली आणि पुरते दिवस भरल्यावरच तिनं ताण माझ्या डोळ्यात अडकवला. त्या क्षणी मला वर आभाळात काय चाललंय ते कळायला लागलं. वारा आला की तार गुणगुणायची आणि ती गुणगुण माझ्या पायापर्यंत उतरायची. जमिनीत राहणाऱ्या माझ्यासारखीला याहून मोठं काय मिळणार?

भुरीला मात्र यातलं काही पटलं नाही. तिच्यासाठी नवा खुंटा ठोकला होता, तरी संध्याकाळी रानातून आली की ती माझ्यापाशीच येऊन उभी राहायची. आणि एक दिवस बोलता बोलता कडूबाईनं सवयीनं तिचं दावं माझ्याच डोळ्यात ओवलं. शिवकन्या तेव्हा मनोऱ्यावर होती. भुरीनं तारेला मान खाजवली. शिवकन्या कमरेच्या सुरक्षा पट्ट्याचा एक आकडा अडकवून, मग दुसरा सोडून, अशी सावकाश खाली उतरली. ती रागावली नाही. तिनं कडूबाईला तारेवर हात ठेवायला लावला आणि टोकाकडं बघा म्हणाली. भुरीनं पुन्हा मान घासली. वरचा काटा थरथरला.

"अगं माय," कडूबाई म्हणाली, "म्हशीला खाज सुटली अन् वर टावर हाललं."

"मावशी, मी वर असले की या मेखेला कुणी हात लावायचा नाही. मी म्हणाले तरी नाही. आधी मी खाली येणार, मग काय ते."

त्या दिवसापासून कडूबाईनं ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं. शिवकन्या पट्टा बांधून, डोक्यावर हेल्मेट चढवून पहिल्या पायरीपाशी उभी राहायची आणि विचारायची, "मेखेपाशी कोण?" कडूबाई पदर खोचून माझ्याशेजारी मांडी घालायची आणि म्हणायची, "मी हाय." मगच पाय वर जायचा. दोघींची ती रीतच झाली.

मग एका वर्षी पाऊस थांबेचना. मांजरा नदी फुगली, ओढे रस्त्यावर आले आणि गोदाकाठाला पाणी शिरल्याची बातमी आली. मोबाइल मुके झाले. उमापूरचं कुणी फोन उचलत नव्हतं, पुढं पुढं तर घंटाही वाजेना. सुकन्या, तिची सासू, लेकरं कुठं आहेत ते कळायला मार्ग नव्हता. गेवराईच्या मदतछावणीत शिवकन्येच्या ओळखीचे एक रेडिओवाले बसले होते. पण वाऱ्यानं आमचा अँटेना पिळवटला होता, आवाज येत नव्हता.

कडूबाई सकाळीच दारात उभी राहिली. टावरवरून खबर लागेल का, एवढंच तिनं विचारलं. शिवकन्या म्हणाली लागेल, पण आत्ता चढता येणार नाही. आभाळ गडगडतंय, लोखंड ओलं आहे. कडूबाई माझ्याशेजारी येऊन बसली आणि तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिथूनच ती ढगांकडं बघत राहिली.

दुपारनंतर ढग फाटले, ऊन पडलं, लोखंड वाळलं. शिवकन्येनं तिन्ही ताण तपासले. माझ्या बाजूचा जरा जास्तच आवळलेला आहे, काम झाल्यावर सैल करू, असं ती बजरंगला म्हणाली. मग पायरीपाशी उभी राहिली.

"मेखेपाशी कोण?"

"मी हाय."

ती वर गेली. सामान वर ओढायचा दोर मोहनरावांच्या हातात होता. बजरंग पाना खिशात घालून खाली येरझाऱ्या घालत होता. बहिणीच्या काळजीनं त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. वर शिवकन्येनं अँटेना धरला. तिला दोर ढिला हवा होता. ती ओरडली, "ताण सोड."

मित्रांनो, आमच्या घरात दोर ओढून धरला तरी ताण म्हणत आणि त्या पोलादी तारेलाही ताणच म्हणत. आजवर त्यात काही बिघडलं नव्हतं. मोहनरावांना कमी ऐकू येत होतं, ते तसेच उभे राहिले. बजरंगला मात्र ऐकू आलं. त्याला वाटलं, मघाशी जो सैल करायचा म्हणाली तोच हा. तो धावत माझ्याकडं आला आणि त्यानं पाना लावला.

कडूबाईनं माझ्या डोळ्यावर हात दाबून धरला.

"हात काढ. ती वर हाय."

"माय, तीच म्हनती सोड."

"म्हनू दे. खाली येऊन म्हनू दे."

"अगं, ऊन हाय तवर होऊ दे की. सुकीची खबर नको का तुला?"

कडूबाईच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात हलला नाही. "पायजे. लई पायजे. पन दुसऱ्याची लेक खाली पाडून नको."

बजरंगचा पाना हवेतच राहिला. मग त्यानं वर बघितलं आणि ही तार सुटली तर मनोरा शिवकन्येसकट खाली येईल, हे त्याला समजलं. वरून शिवकन्येनं दोघांना माझ्याशी झटताना पाहिलं. काम तसंच टाकून ती उतरली, एक आकडा, मग दुसरा. जमिनीला पाय लागल्यावर काय झालं ते तिनं ऐकलं. मग म्हणाली, चूक बजरंगची नाही, शब्दाची आहे. तिथंच ठरलं. ओढायचा तो दोर, त्याला 'ढील दे' म्हणायचं. ताण म्हणजे फक्त तार, आणि माणूस वर असताना त्या तारेचं नावही काढायचं नाही. बजरंगनं पाना कडूबाईच्या ओटीत ठेवला. शिवकन्येनं पुन्हा विचारलं, मेखेपाशी कोण, आणि पुन्हा वर गेली.

ऊन कलायच्या आत यंत्र बोलायला लागलं. खिडकीतून खरखर ऐकू आली, मग गेवराईहून आवाज. छावणीतल्या कुणीतरी उमापूरच्या माणसांना विचारून निरोप आणला. सुकन्या, सासू, लेकरं शाळेच्या वरच्या मजल्यावर सुखरूप आहेत. आणि मायला सांगा, वगार पण संगं हाय.

कडूबाई रडता रडता हसली. "बघा, म्हशीची खबर धाडायची इसरली न्हाई." मोहनराव आपलं बोलून झालं की 'ओव्हर' म्हणत ते तिनं तेव्हा ऐकलं. पुढं कितीतरी दिवस ती बजरंगला रागावून झालं की "वोव्हर" म्हणायची आणि आत निघून जायची.

आता त्या सगळ्याला काळ लोटला. शिवकन्या नोकरीला संभाजीनगरला गेली. मोहनरावांचे गुडघे धरले. कडूबाई गेली. माझ्यापाशी येऊन बसणारं कुणी उरलं नाही. माझ्याभोवती गवत माजलं. कुणी माझ्या ताणाला कपडे वाळत घातले, कुणी शेळी बांधली. मनोऱ्याचे फोटो काढणारे पुष्कळ आले. काँक्रीटमधून मी जिथं बाहेर येते, तिथं पाणी साचत होतं आणि गंज मला आतून खात होता. ते मला कळत होतं, सांगता येत नव्हतं.

यंदा पावसाळ्याच्या आधी शिवकन्या आली. पट्टा न बांधता ती आधी माझ्याकडं आली. गवत बाजूला केलं, माती उकरली, हातोडीनं वाजवलं. माझा आवाज पूर्वीसारखा नव्हता. ती हळूच म्हणाली, "आता नको गं तुला भार." कुणी मनोऱ्याला शिवायच्या आत तिनं शेजारी नवा खड्डा खणवला, नवी मेख बसवली, पुरते दिवस वाट पाहिली. जादा तार लावून मनोरा धरला, मगच माझा ताण सोडवला. आयुष्यभर ओढलेलं अंग असं सैल झालं, तेव्हा मला एकदम धुळाजींची घोडी आठवली. ती अशीच ओझं उतरल्यावर अंग झाडायची.

मित्रांनो, उंच गोष्टी तुम्ही जरूर उभ्या करा. पण त्यांना धरून ठेवणारं जे खाली असतं, त्याच्याकडं दरसाल एकदा वाकून बघा. जुनं झालं असेल तर जुनं म्हणून ओढत राहू नका. त्याला मानानं सोडवा. आणि माणूस वर असेल, तेव्हा खाली कुणीतरी बसा.

शिवकन्या हेल्मेट घालून पायरीपाशी उभी राहिली. सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "मेखेपाशी कोण?" आणि मग कडूबाई नाही हे तिच्या लक्षात आलं. बजरंगनं मान खाली घातली.

दिवाळीला येता आलं नव्हतं म्हणून सुकन्या त्या आठवड्यात माहेरी आली होती. केसांत पांढरं दिसायला लागलेली बाई ती आता. ती ओसरीवरून उठली, पदर खोचला, येऊन दोन्ही मेखांच्या मध्ये बसली. एक हात तिनं नव्या मेखेवर ठेवला. दुसरा, आधारासाठी, नकळत माझ्या डोक्यावर.

"मी हाय," ती म्हणाली.