काटकोन

"कोण?"

"काटकोन!"

बाईंनी हसत दार उघडलं, बरोबर काटकोनात. हा खेळ त्यांचाच. शाळेत असताना त्या वर्गाच्या दारावरच कोन शिकवायच्या. नुसती फट ठेवली तर लघुकोन, काटकोनापुढे उघडलं तर विशालकोन. त्या काळी मुलं त्यांना पाठीमागे 'काटकोनबाई' म्हणत, कारण चालताना पाठ ताठ. आता त्या पाठीचाच विशालकोन झाला होता.

दारात खालच्या मजल्यावरची चिमणी होती. एका जागी बसेल तर शपथ! भूमितीत नापास झाली तेव्हा आईने तिला हाताला धरून वर आणलं होतं. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी यायची. बाईंनी तिला बांगडीवर वर्तुळ शिकवलं, बांगडीत ताणलेल्या दोऱ्यावर जीवा, भिंतीला टेकवलेल्या शिडीवर कर्ण. एकच प्रमेय उरलं होतं आणि ते बाई आज-उद्या करत ढकलत होत्या. ते झालं की शिकवणी संपली. मग संध्याकाळी दार कोण वाजवणार?

"आजी, आज शेवटचं ना?"

"घाई कसली? कालचं घोटू या."

"कालचं घोटून घोटून पीठ झालं त्याचं!"

टेबलावर पाण्याच्या पिंपाचं नवं लाकडी झाकण होतं. सुतारानं ते गोल कापून दिलं, पण मूठ नुसतीच हातात ठेवली. "मध्य तुम्हीच काढा, तुम्ही भूमितीच्या बाई," म्हणून हसत गेला.

"मध्य डोळ्यानं काढायचा?" चिमणीनं विचारलं.

"डोळा फसवतो." बाईंनी सवयीने कॅलेंडरचा कागद उचलला, त्याचा कोपरा झाकणाच्या कडेवर टेकवला. "हा कोपरा काटकोन..." आणि त्या थांबल्या. उरलेलं प्रमेय हेच होतं.

पण चिमणीच्या हातात पेन्सिल आली होती. कागदाच्या दोन्ही बाजू कडेला जिथे भेटत होत्या तिथे तिनं खुणा केल्या, त्या जोडल्या. "अर्धवर्तुळातला कोन काटकोन! पुस्तकात पुढे वाचलंय मी! म्हणजे हा व्यास!" कागद फिरवून तिनं दुसरा व्यास काढला. रेघा एकमेकींना छेदल्या. "आजी, हे केंद्र. बरोबर?"

'पुन्हा कर' एवढं म्हटलं असतं तरी आणखी एक संध्याकाळ मिळाली असती. पण बरोबरला चूक म्हणायला बाईंची जीभ वळेना.

"बरोबर. आलं तुला."

दोघींनी मिळून स्क्रू पिळून मूठ बसवली. तेवढ्यात जिन्यातून चिमणीच्या आईची हाक आली, "झालं का गं? मावशींचं डोकं किती खाशील?"

"संपलं, आई! सगळं संपलं!" म्हणत चिमणी धडधडत जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला दार वाजलं. बाई गुडघ्यांची कुरकुर विसरून उठल्या.

"कोण?"

"दूध, आजी. आज उशीर झाला."

बाईंनी दार उघडलं. दूधवाल्याने पिशवी दिली, पाणी मागितलं. बाईंनी मूठ धरून झाकण उचललं. ते कुठल्याच बाजूला कललं नाही.

"झाकण नवीन वाटतं. मूठ अगदी मधोमध बसलीय. कुणी बसवली?"

"काटकोनानं."

"कोण?"

"काटकोन," बाई म्हणाल्या.

"असेल बुवा," म्हणत त्याने भांडं रिकामं केलं. जाताना त्याने दार ओढून घेतलं. बाईंनी ते पुन्हा उघडलं, बरोबर काटकोनात, आणि भांडं विसळायला घेतलं.